बिनजमिनीचे लॉर्डसाहेब

मुंबईच्या हार्बर रेल्वेवर ‘रे रोड’ नावाचे एक स्टेशन आहे. हे ‘रे’ म्हणजे कुणी रेगे नव्हेत की रेळे नव्हेत. हे एका स्कॉटिश लॉर्डाचे नाव. १८८५ ते १८९० ही पाच वर्षे हे गृहस्थ मुंबई इलाख्याचे गव्हर्नर होते. त्यांचे पुरे नाव डोनाल्ड जेम्स मॅके, अकरावे लॉर्ड रे.

स्कॉटलंडच्या अगदी उत्तर टोकाला मॅके कुळाचा मुलूख होता. या कुळाच्या प्रमुखाला पहिल्या चार्ल्स राजाने १६२८ साली लॉर्ड ही पदवी दिली. पुढे घराण्याला उतरती कळा लागली आणि १८२९ साली वडिलोपार्जित जमीन सदरलंड घराण्याला विकली गेली. मुलूख गेला, पदवी तेवढी राहिली. आपल्याकडच्या कित्येक जहागीरदारांची कथा याहून फार निराळी नाही!

याच कुळाची एक शाखा फार पूर्वी शिपाईगिरीसाठी हॉलंडात गेली होती. ती तिथेच रुजली आणि पुरती डच झाली. आपले डोनाल्डसाहेब १८३९ साली जन्मले ते हेग शहरात. लायडनच्या विद्यापीठात त्यांनी कायद्याचा अभ्यास केला आणि १८७१ ते १८७५ पर्यंत ते डच पार्लमेंटचे सभासद होते. १८७५ साली स्कॉटलंडातली थोरली पाती निर्वंश झाली आणि पदवी समुद्र ओलांडून हॉलंडातल्या त्यांच्या वडिलांकडे आली. वर्षभरात वडील वारले. अशा रीतीने एक डच गृहस्थ स्कॉटलंडचा लॉर्ड झाला. १८७७ साली त्याने ब्रिटिश नागरिकत्व घेतले.

पण नुसत्या पदवीने लॉर्डांच्या सभेत जागा मिळत नसे. स्कॉटलंडच्या उमरावांनी आपल्यातून फक्त सोळा जण निवडून तिथे पाठवायचे, असा तेव्हा नियम होता. शेवटी ग्लॅडस्टनच्या सरकारने १८८१ साली त्यांना नवी पदवी दिली, तेव्हा ते सभेत बसले. उदारमतवादी पक्षाचा हा माणूस चार वर्षांनी मुंबईस आला.

आल्या वर्षीच त्यांनी दादाभाई नौरोजींना कायदे कौन्सिलात घेतले. जंगलखात्याविरुद्ध रयतेची गाऱ्हाणी होती, त्यांच्या चौकशीसाठी समिती नेमली. धंदेशिक्षणाची त्यांना मोठी आवड. मुंबईची व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट त्यांच्याच काळात उभी राहिली. मुंबई महानगरपालिकेचा कायदा १८८८ सालचा, म्हणजे त्यांच्याच कारकिर्दीतला.

परंतु त्यांची खरी कसोटी लागली ती क्रॉफर्ड प्रकरणात. आर्थर क्रॉफर्ड हा मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर. क्रॉफर्ड मार्केट त्याच्याच नावाचे. १८८८ साली तो विभागीय कमिशनर म्हणून पुण्यास होता. बढती नि बदली हवी असेल तर साहेबासाठी पैसे मोजावे लागतात, ही कुजबुज मामलेदारांत फार दिवसांची होती. मध्यस्थ म्हणून हणमंतराव नावाच्या एका इसमाचे नाव घेतले जाई. लॉर्ड रे यांनी क्रॉफर्डला निलंबित केले. एवढ्या बड्या गोऱ्या अधिकाऱ्याला हात लावणे त्या काळी सोपे नव्हते. क्रॉफर्ड पुण्याहून गुपचूप निसटला, पण मुंबईत सापडला.

पुरावा द्यायचा कुणी? लाच देणारा स्वतःही गुन्हेगारच. तेव्हा सरकारने मामलेदारांना अभय दिले: खरे सांगा, तुम्हांला धक्का लागणार नाही. त्या वचनावर विसंबून माणसे पुढे आली. चौकशी मंडळाने मात्र लाचेचा आरोप शाबीत मानला नाही; हाताखालच्या लोकांकडून कर्जे काढल्याचा दोष तेवढा ठेवला. क्रॉफर्डची नोकरी गेली. मग विलायतेत ओरड सुरू झाली: लाच दिल्याचे कबूल करणारे मामलेदार अजून न्यायाच्या खुर्चीवर कसे? रे यांनी आपले वचन पाळावे म्हणून रदबदली केली, पण वरिष्ठांपुढे त्यांचे पुरते चालले नाही. १८८९ साली खास कायदा होऊन मामलेदारांचा खटल्यापासून बचाव झाला, तरी त्यांतल्या कित्येकांच्या नोकऱ्या गेल्या. तरुण टिळकांनी त्यांची बाजू घेऊन पुण्यात आवाज उठवला तो याच वेळी. सरकारने दिलेला शब्द मोडतो तेव्हा त्याची किंमत कोण भरतो, हे त्या मामलेदारांच्या घरच्यांना विचारावे लागले असते.

विलायतेस परतल्यावर रे भारतखात्याचे उपमंत्री झाले, लंडनच्या शाळा-मंडळाचे अध्यक्ष झाले. १९०२ साली ब्रिटिश अकॅडमी निघाली, तिचे पहिले अध्यक्षही तेच. १९२१ साली ते वारले. मूलबाळ नव्हते, पदवी पुन्हा हॉलंडातल्या भाऊबंदांकडे गेली.

आता नावांची गंमत पाहा. पुण्याची मंडई १८८६ साली ‘रे मार्केट’ म्हणून उघडली. या मंडईवर पैसा घालण्याऐवजी तो शिक्षणावर घाला, असे नगरपालिकेत ठणकावून सांगणारे सभासद होते जोतीराव फुले. पुढे त्याच मंडईला फुल्यांचे नाव मिळाले. पुण्यातल्या रे म्युझियमलाही फुल्यांचेच नाव मिळाले, आणि मुंबईचे क्रॉफर्ड मार्केटही महात्मा फुले मंडई झाले! चौकशी लावणारा लॉर्ड आणि चौकशीतला कमिशनर, दोघांच्याही पाट्या उतरल्या आणि त्यांवर एका माळ्याच्या मुलाचे नाव चढले. त्याच्याजवळ ना वडिलोपार्जित पदवी होती, ना सरकारी हुद्दा. पण जो शब्द त्याने दिला, तो मोडायला लावणारा वरिष्ठ त्याच्या डोक्यावर कुणी नव्हता.