गोरखचिंच : एका झाडाची तीन नावं

आमचा नायगाव परिसर 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे गोवळकोंड्याचा इतिहास आम्हाला आपल्याच घरचा वाटतो. तिथल्या नया किल्ल्यात एक प्रचंड झाड आहे. लोक त्याला ‘हातियाँ का झाड’ म्हणतात. खोडाचा घेर सुमारे 27 मीटर, आत माणसं मावतील एवढी पोकळी, आणि वय चारशे वर्षांहून अधिक मानलं जातं.

मराठीत हे झाड म्हणजे गोरखचिंच. त्याला गोरखनाथांचं नाव मिळालं. माळव्यात मांडूला तीच ‘खुरासानी इमली’ होते. मूळ मात्र आफ्रिकेतलं. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ही झाडं आफ्रिकेतून भारतात एकदाच नव्हे, अनेकदा आली. व्यापारी, सैनिक आणि गुलाम म्हणून आणलेले हबशी, या सगळ्यांच्या ये-जा करण्याशी त्यांचं येणं जोडलेलं आहे.

मलिक अंबरही असाच आला. हबसाणात जन्मलेला, गुलाम म्हणून विकला गेलेला हा माणूस निजामशाहीचा कर्ताधर्ता झाला. खडकी, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, त्यानेच 1610 मध्ये वसवलं. 1626 मध्ये तो वारला. कबर खुलताबादला आहे.

गोरखचिंचेला कुणी परकी म्हणत नाही. नाथांचं नाव देऊन लोकांनी तिला आपली केली. माणसांनाही दख्खनने असंच सामावून घेतलं होतं. म्हणून रस्तारुंदीकरणात एखादं जुनं झाड पडतं, तेव्हा सावलीबरोबर आपल्या एकत्र नांदण्याचा एक साक्षीदारही जातो. आपल्या गावातल्या अशा झाडांची नोंद आजच करून ठेवा.