हॉटेलच्या बिलातला ‘सर्व्हिस चार्ज’ द्यावाच लागतो का? टीप, बक्षीस आणि नियम काय सांगतात

अफजलपूर किंवा गाणगापूरच्या साध्या खानावळीत बिलाचा आकडा बहुतेक वेळा तोंडीच सांगितला जातो. गल्ल्यावर पैसे द्यायचे, बडीशेप तोंडात टाकायची आणि निघायचं. वाढणाऱ्या पोराला काही द्यायलाच पाहिजे असा रिवाज आपल्याकडं नाही. मन खूश झालं तर दहा-वीस रुपये हातावर ठेवायचे, त्याला आपण बक्षीस म्हणतो, कन्नडमध्ये भक्षीसु म्हणतात. शब्द मूळचा फारसी, आणि त्याचा अर्थच खुशीनं दिलेलं असा.

पुणे, मुंबई, हैदराबाद, बेंगळुरूच्या मोठ्या हॉटेलात मात्र ही खुशी बिलात आधीच छापून येते: ‘सर्व्हिस चार्ज 10 टक्के’. सोबत जीएसटीच्या ओळी असतात, म्हणून बरेच जण तोही सरकारी कर समजून भरून टाकतात. गोंधळ होण्याला कारणही आहे. 30 जून 2017 पर्यंत ‘सर्व्हिस टॅक्स’ नावाचा खरा कर होता. जीएसटी आला आणि तो संपला. सर्व्हिस चार्ज मात्र कधीच कर नव्हता. तो हॉटेल स्वतः लावतं आणि पैसे हॉटेलकडंच जातात.

याबाबत केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं 4 जुलै 2022 ला मार्गदर्शक सूचना काढल्या. हॉटेलनं सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालायचा नाही, दुसरं नाव देऊनही वसूल करायचा नाही. तो ऐच्छिक आहे हे गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगायचं. देत नाही म्हणून कुणाला आत येण्यापासून अडवायचं नाही. हॉटेलवाल्यांच्या दोन देशपातळीवरच्या संघटना याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात सूचनांना स्थगिती मिळाली. पुढं 28 मार्च 2025 ला न्या. प्रतिभा सिंह यांनी दोन्ही याचिका फेटाळल्या, सूचना कायम ठेवल्या आणि संघटनांना प्रत्येकी 1 लाख रुपये खर्च भरायला लावला. संघटनांनी त्यावर अपील केलं आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 हा केंद्राचा असल्यानं कर्नाटकात अफजलपूर, महाराष्ट्रात अक्कलकोट आणि तेलंगणात जहीराबाद, तिन्हीकडं नियम एकच.

आता हिशोब बघा. जेवण 1000 रुपयांचं. सर्व्हिस चार्ज 100. जीएसटी 5 टक्के, पण तो 1100 वर लागतो, म्हणजे 55. एकूण 1155. सर्व्हिस चार्ज नसता तर 1050 झाले असते. म्हणजे जी रक्कम द्यायची सक्तीच नाही, तिच्यावर वर पाच रुपये करही गेला. (छोटी हॉटेलं कंपोझिशन योजनेत असतील तर त्यांना बिलात जीएसटी वेगळा लावताच येत नाही, हेही लक्षात असू द्या.)

पण इथं दुसरी बाजू आहे, आणि ती आपल्या भागाला जास्त लागते. शहरातल्या हॉटेलांत टेबल पुसणारी, ताटं उचलणारी किती तरी पोरं आपल्याच तालुक्यांतली आहेत. सर्व्हिस चार्ज त्यांच्यापर्यंत पोचतो का? काही मालक वाटून देतात, काही देत नाहीत, आणि बिलावरून गिऱ्हाइकाला ते कळत नाही. हातात दिलेली टीप मात्र थेट त्या पोराची. सर्वोच्च न्यायालयानं आयटीसीच्या प्रकरणात 26 एप्रिल 2016 ला हाच फरक मानला: गिऱ्हाइकानं कार्डावर दिलेली टीप मालकानं कामगारांत वाटली तरी तो पगार होत नाही, त्यामुळं मालकाला त्यावर पगारासारखा टीडीएस कापायची गरज नाही.

क्यूआर कोड आल्यापासून वाढप्याचं आणखी नुकसान झालंय. पूर्वी बशीत सुट्टे उरायचे, आता पैसा न् पैसा मालकाच्या खात्यात. द्यायचंच असेल तर खिशात थोडी रोकड ठेवा.

परदेशी असलेल्या आपल्या लोकांनी हा हिशोब तिकडं लावू नये. अमेरिकेत टीप घेणाऱ्या कामगाराला केंद्रीय कायद्यानं ताशी 2.13 डॉलर इतकीच थेट मजुरी देता येते, बाकी कमाई टिपेवर. काही राज्यांत दर जास्त आहे. तिथं 15 ते 20 टक्के देणं रीतच मानतात, आणि सहा-आठ जणांच्या टेबलाला ती रक्कम बिलातच लावलेली असते, तेव्हा वरून पुन्हा द्यायच्या आधी बिल वाचावं. जपानमध्ये उलट, टीप ठेवली तर वाढपी मागं पळत येऊन पैसे परत देतो.

आपल्याकडं सर्व्हिस चार्ज नको असेल तर पैसे देण्याआधीच ‘हा काढून बिल द्या’ म्हणून सांगायचं. वाद घालायचा तर मॅनेजरशी घाला, वाढप्याशी नको, त्याच्या हातात काही नसतं. ऐकलं नाही तर बिलाचा फोटो काढून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर फोन करा, तिथं मराठीत आणि कन्नडमध्येही बोलता येतं. लेखी तक्रार जिल्हाधिकाऱ्यांकडं, म्हणजे आपल्याकडं डीसी ऑफिसात, किंवा जिल्हा ग्राहक आयोगात करता येते.