रायगढ घराणे

२. हे रायगढ शिवछत्रपतींचे नव्हे. रायपूरच्या पूर्वेला, हावड्याच्या लोहमार्गावरचे हे जुने संस्थान. कथ्थकचे अच्छन महाराज, जयलाल हे गुरू इथे लखनौ-जयपूरहून आले. मग हे घराणे कसले, नुसता दरबार, असा आक्षेप घेतला जातो. तो निम्मा खराच आहे. पण राजा चक्रधरसिंह (१९०५–१९४७) केवळ बिदागी देणारे आश्रयदाते नव्हते. ते स्वतः तबला-पखवाज वाजवत. ‘दलबादल’, ‘कडक बिजली’ या त्यांच्या नावावरच्या परणांत (तालरचनांत) नावाला साजेसा गडगडाट आधी पखवाजाच्या बोलांत उभा राहतो, मग नर्तकाला तोच पायांतून काढावा लागतो. दरबारी पंडितांचा हात त्यांत असेलही. तरी घडण इथलीच. एरवी आश्रयदात्याचे नाव लागलेली रचना त्याचीच असते असे नाही: स्कॉटलंडची ‘मोनिमस्क’ ही रील नाचाची धून ग्रँट जमीनदारांच्या इस्टेटीचे नाव मिरवते, मात्र चाल बांधली डॅनियल डाऊ या फिडलवादकाने. रायगढात धनी स्वतःच रचनेला बसलेला दिसतो. आणि वंशच हवा असेल, तर १९४८ साली संस्थान विलीन झाल्यावरही कार्तिकराम आणि त्यांचे पुत्र रामलाल यांनी ही शैली शिकवली. रामलाल यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली.