ती टेकडी देवाने केलेली नाही

मागच्या आठवड्यात आमच्या तुमसर तालुक्यातल्या खाणपट्ट्यात, एका गावाच्या टपरीवर चहा पीत बसलो होतो. समोर झुडपं उगवलेली एक काळपट टेकडी. बाजूचा पंचविशीतला पोरगा म्हणाला, "दादा, ही टेकडी उगाच जागा अडवून हाये. मुरूम म्हनून रस्त्यावर टाकून द्याले पायजे." मी विचारलं, ही टेकडी कोणी केली माहीत आहे का? तो हसला. टेकडी कोण करते? देव!

नाही बाप्पा. ही टेकडी माणसांनी केली, आणि त्यात बायकांचा हात मोठा. खाणीच्या भाषेत तिला डम्प म्हणतात. ती कशी झाली हे समजल्याशिवाय तिला 'उगाच' म्हणू नये, म्हणून हे थोडं लांबलचक लिहितोय.

आधी मँगनीज कशाला लागतं ते पाहू. जगातलं सुमारे ९० टक्के मँगनीज पोलादात जातं. ते वितळलेल्या लोखंडातलं गंधक आणि ऑक्सिजन ओढून घेतं, त्यामुळे पोलाद ठिसूळ होत नाही. १८५६ मध्ये बेसेमरने स्वस्त पोलादाची रीत काढली खरी, पण तिला मँगनीजची जोड मिळाल्यावरच ते पोलाद भरवशाचं झालं. १८८२ मध्ये इंग्लंडमध्ये रॉबर्ट हॅडफिल्डने त्यात १२-१३ टक्के मँगनीज घातलं, तर असं पोलाद तयार झालं की जे मार खाऊन आणखी कडक होतं. रेल्वे रूळ बदलते त्या क्रॉसिंगला आजही हेच पोलाद वापरतात. दगड फोडणाऱ्या क्रशरचा जबडाही त्याचाच. म्हणजे मँगनीजचा दगड फोडायलासुद्धा मँगनीजच लागतं!

१८९६ मध्ये ब्रिटिशांनी सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट उभी केली. मनसर, कांद्री, बेलडोंगरी, गुमगाव, चिखला, डोंगरी बुजुर्ग, तिकडे बालाघाट, तिरोडी, उकवा हा सगळा पट्टा हळूहळू खणला जाऊ लागला. १९०५ मध्ये रशियात उठाव झाला, कॉकेशसमधून युरोपला जाणारा माल अडकला आणि आपल्या दगडाला एकदम भाव आला. हजारो मैलांवरच्या क्रांतीने आपल्या गावांत रोजी आणली.

१९०९ मध्ये भूवैज्ञानिक फर्मोर यांनी भारतातल्या मँगनीजवर हजाराहून जास्त पानांचा ग्रंथ काढला. इथल्या खडकाला त्यांनी 'गोंडाइट' नाव दिलं, गोंडांवरून. बेलडोंगरीच्या एका खनिजाला आपल्या सहकाऱ्याचं नाव दिलं, व्रेडेनबर्गाइट. दगडाला जमातीचं नाव मिळालं, साहेबाचं नाव मिळालं. तो दगड रोज डोक्यावर वाहणाऱ्या रेजांचं नाव मात्र कुठल्याच दगडाला नाही.

आता मुद्द्याची गोष्ट. खाणीतून निघतो तो सगळा माल नसतो. मँगनीजच्या खनिजासोबत गारगोटी आणि गार्नेटचे दाणे चिकटून येतात. माल आणि गोटा वेगळा करणं, याला इंजिनिअर लोक खनिज प्रक्रिया म्हणतात. आज त्यासाठी यंत्रं आहेत. त्या काळात यंत्र कोणतं? हातोडी, टोपली आणि बाईचा हात.

काही वर्षांपूर्वी अशा एका आजीला भेटलो होतो. तरुणपणी तिने खदानीवर गोटे निवडायचं काम केलं होतं. मला वाटलं, काळा तो माल आणि पांढरा तो टाकाऊ, रंगावरून ओळखत असतील. आजी म्हणाली, "रंगानं फसगत होते बाबू. वरतून काराच दिसते. हातात घेतलं का समजते. माल जड रायते, गोटा हलका रायते."

घरी येऊन पुस्तक काढलं. गारगोटीची घनता २.६५. मँगनीजच्या चांगल्या खनिजाची साडेचार ते पाच. म्हणजे सारख्या आकाराच्या दोन दगडांत जवळपास दुपटीचा फरक. आजीने शाळा पाहिली नव्हती, पण तिचा तळहात घनता मोजत होता. तिने आणखी एक सांगितलं. तांबूस दाण्याचा गोटा सगळ्यात वाईट, कारण तोही जड लागतो. तो दाणा म्हणजे गार्नेट. त्याची घनता ४.२ च्या आसपास, मालाच्या अगदी जवळ. ही अडचण यंत्रालाही येते.

पाण्याच्या 'जिग'चं तत्त्वही तेच. जाळीवर बारीक माल पसरायचा, पाण्यात खालीवर हलवत राहायचं. जड दाणे तळाशी बसतात, हलके वर येतात, वरचा थर काढून टाकायचा. आपल्या बाया सुपात धान्य पाखडतात, तिथे वारा काम करतो, इथे पाणी. गारगोटी यातून पटकन सुटते. गार्नेट मात्र मालासोबत खाली बसतं.

मग टेकडी कशाने झाली? भाड्याने! त्या काळी परदेशी जाणाऱ्या मालात साधारण ५० टक्के मँगनीज लागायचं. इथून मुंबई नाहीतर कलकत्त्यापर्यंत रेल्वे, पुढे जहाज. भाडं टनावर. टनात मँगनीज किती हे भाडं बघत नाही. ३० टक्क्यांचा दगड पाठवला तर उरलेल्या ७० टक्क्यांचंही भाडं भरायचं. तो परवडणार कसा? म्हणून चांगला माल वॅगनमध्ये आणि मध्यम माल टेकडीवर. रायपूर-विजयनगरम रेल्वेमार्ग आणि १९३३ मध्ये सुरू झालेलं विशाखापट्टणम बंदर यांच्यामागे आपल्या या मँगनीजचाही विचार होता. समुद्राची वाट जवळ आली. टेकड्या मात्र वाढतच गेल्या.

म्हणजे टाकाऊ काय, हे दगडाने नाही ठरवलं. त्या वर्षीच्या भावाने, भाड्याने आणि हाताशी असलेल्या साधनाने ठरवलं.

पुढे वरचा माल संपत आला. उघडी खदान खोल गेली की पाणी भरतं, कडा ढासळतात, एक टन मालासाठी कितीतरी टन माती काढावी लागते. मग विहिरीसारखे शाफ्ट खणून जमिनीखाली उतरणं आलं. आपल्याकडे मालाचे थर बरेच ठिकाणी तिरपे, जवळपास उभेच आहेत. तिथे खालून वर जायची रीत असते. छताचा एक थर सुरुंगाने पाडायचा, माल खाली सोडायचा आणि पोकळी पाइपने आणलेल्या पाणी-वाळूने भरून काढायची. पाणी निचरून जातं, वाळू बसते. त्या वाळूवर उभं राहून पुढचा थर पाडायचा. बालाघाटची भरवेली खाण तर आशियातली सर्वात खोल भूमिगत मँगनीज खाण म्हणून ओळखली जाते.

जमिनीखाली गेल्यावर बायका मागे राहिल्या. १९५२ च्या खाण कायद्याने भूमिगत कामावर बायकांना बंदी होती. २०१९ मध्ये अटी घालून ती शिथिल झाली. वर निवडायचं काम उरलं होतं, तेही क्रशर आणि यंत्रं आल्यावर कमी होत गेलं. श्रम कमी झाले, चांगलंच झालं. धूळ खात दगड वेचणं म्हणजे काही सुखाची नोकरी नव्हती. पण त्या बायकांना दुसरं काम कोणी दिलं का, हा प्रश्न कोणी विचारला नाही.

१९६२ मध्ये ब्रिटिश कंपनीचा कारभार सरकारी भागीदारीतल्या मँगनीज ओर इंडियाकडे आला, आणि १९७७ मध्ये ती पूर्ण सरकारी झाली. आपली 'मॉइल' ती हीच. डोंगरी बुजुर्गला तर बॅटरीत लागणारं मँगनीज डायऑक्साइड विजेच्या साहाय्याने तयार करायचा कारखानाही झाला.

आता परत त्या टेकडीकडे या. आजचा नियम सांगतो की, आज विकायला न परवडणारा पण ठरवून दिलेल्या किमान दर्जाच्या वरचा माल मातीत मिसळू द्यायचा नाही, वेगळा रचून ठेवायचा. तो किमान दर्जा ठरवते इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, आणि तिचं मुख्यालय दुसरीकडे कुठे नाही, आपल्या नागपुरात आहे. शंभर वर्षांपूर्वी हा नियम नव्हता. तेव्हाचं सगळं एकाच ढिगात गेलं.

म्हणून त्या पोराला मी म्हणालो, मुरूम म्हणून उचलायच्या आधी तीन गोष्टी विचार. ढिगाचे नमुने तपासले का, आणि त्यात मँगनीज किती निघालं? ढीग कोणाच्या पट्ट्यात आहे आणि उचललेल्या मालावर रॉयल्टी कोण भरणार? रॉयल्टीच्या १० ते ३० टक्के रक्कम खाणवाल्याला जिल्हा खनिज प्रतिष्ठानला वेगळी द्यावी लागते, ती खाणबाधित गावांसाठी असते. मग आपल्या गावात त्यातून काय झालं? हे ग्रामसभेत विचारता येतं. विचारायला इंजिनिअर असावं लागत नाही.

पोरगा थोडा वेळ टेकडीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "माही आजी पन खदानीवर जात होती, दादा." त्याने पायाजवळचा एक काळा गोटा उचलला, हातात जोखला आणि माझ्यापुढे धरला. "जड हाये का हो?"

जडच होता.

तुमच्या घरात कोणी आजी, मावशी, काकू खदानीवर निवडायला जात असेल, तर तिला एकदा विचारा आणि ती काय सांगते ते खाली लिहा. खाणीच्या वहीत तिचं नाव नसेल, निदान आपल्या गावात तरी राहू द्या.