निहिलिझम
निहिलिझम : रूढ श्रद्धा, नीतिमूल्ये व सत्ता यांचे प्रामाण्य नाकारणारी विचारप्रवृत्ती. ‘काहीही नाही’ या अर्थाच्या ‘निहिल’ या लॅटिन शब्दावरून ही संज्ञा बनली. ती बहुधा विरोधकांनीच दुसऱ्यांना लावली; त्यामुळे तिचा अर्थ वापरणाऱ्यागणिक बदलत गेला.

जर्मन तत्त्वज्ञ फ्रीड्रिख याकोबी (१७४३–१८१९) याने १७९९ मध्ये फिक्टेस लिहिलेल्या पत्रात चिद्‌वादावर हा आक्षेप घेतला. सर्व काही ज्ञात्याच्या जाणिवेत विलीन केल्यास अखेर शून्यच उरते, असे त्याचे म्हणणे होते. रशियात १८२९ मध्ये निकलाय नाद्येझ्दिन याने वाङ्मयीन टीकेत हा शब्द योजिला. तथापि त्याला खरी प्रसिद्धी दिली ती इव्हान तुर्गेन्येव्ह (१८१८–८३) याच्या फादर्स अँड सन्स (१८६२) या कादंबरीने. तिचा नायक बझारॉव्ह हा वैद्यकाचा विद्यार्थी कोणतेही तत्त्व केवळ श्रद्धेने स्वीकारीत नाही. त्याच वर्षी पीटर्झबर्गमध्ये मोठ्या आगी लागल्या, तेव्हा त्यांचा दोष लोक ‘निहिलिस्टां’ना देऊ लागले, अशी नोंद तुर्गेन्येव्हने पुढे केली आहे. उलट दमीत्री पीसारेव्ह (१८४०–६८) याने बझारॉव्हचा आदर्श अभिमानाने स्वीकारला. भूदासमुक्तीनंतरच्या (१८६१) या तरुण पिढीने सर्वच नाकारले नव्हते. निसर्गविज्ञान, स्त्रीशिक्षण व समाजोपयोगी श्रम यांवर तिची दृढ निष्ठा होती.

१८६६ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याच्यावर गोळी झाडण्यात आली व १८८१ मध्ये ‘नारोदनाया व्होल्या’ या गुप्त संघटनेने त्याचा वध केला. या संघटनेची संविधान सभेची स्पष्ट मागणी असूनही पश्चिम यूरोपात तिच्या सदस्यांना निहिलिस्टच म्हटले गेले. साहजिकच निहिलिझम म्हणजे दहशतवाद, असा समज रूढ झाला.

फ्रीड्रिख नीत्शे (१८४४–१९००) याने या संज्ञेला व्यापक आशय दिला. त्याच्या मते सर्वोच्च मूल्यांचे मूल्यच नष्ट होणे, ही यूरोपीय संस्कृतीची व्याधी होय. तीवर मात करून नवी मूल्ये निर्माण केली पाहिजेत.

मराठीत निहिलिझमसाठी ‘शून्यवाद’ हा शब्दही वापरतात. मात्र नागार्जुनाच्या माध्यमिक दर्शनातील शून्यवाद याहून भिन्न आहे. त्यात शून्यता म्हणजे वस्तूंना स्वतंत्र स्वभाव नसणे. शाश्वतवादाप्रमाणेच उच्छेदवादही तेथे त्याज्य ठरतो. नावावरून मताची परीक्षा करू नये, हेच या संज्ञेच्या इतिहासावरून दिसून येते.