बीकन हिलमधील विटांच्या पदपथांचा वाद

बीकन हिलमधील विटांच्या पदपथांचा वाद हा अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स राज्यातील बॉस्टन शहरात, बीकन हिल या ऐतिहासिक वस्तीतील गल्ल्यांच्या सुधारणेवरून रहिवासी आणि नगर प्रशासन यांच्यात उद्भवलेला वाद होय. इ.स. १९४७ मध्ये पदपथांवरील विटा काढण्यास रहिवाशांनी विरोध केला. इ.स. २०१३-१४ मध्ये दिव्यांग व्यक्तींसाठी बांधावयाचे उतार कोणत्या साहित्याचे असावेत, यावरून हा वाद पुन्हा उपस्थित झाला.

वस्तीचे स्वरूप

बीकन हिल ही मॅसॅच्युसेट्सच्या राज्य विधानभवनालगतच्या टेकडीवरील वस्ती आहे. तेथील बरीचशी विटांची घरे एकोणिसाव्या शतकातील असून ती एकमेकींना लागून ओळीने बांधलेली आहेत. अरुंद गल्ल्या, गॅसचे दिवे आणि लाल विटांचे पदपथ ही या वस्तीची ओळख मानली जाते. एकॉर्न स्ट्रीट ही गोट्यांची फरसबंदी असलेली गल्ली पर्यटकांमध्ये विशेष प्रसिद्ध आहे. टेकडीच्या उत्तर उतारावर एकोणिसाव्या शतकात शहरातील कृष्णवर्णीय समाजाची मोठी वस्ती होती. इ.स. १८०६ मध्ये बांधलेले आफ्रिकन मीटिंग हाउस हे प्रार्थनास्थळ तेथेच आहे.

इ.स. १९४७ चा विरोध

वेस्ट सीडर स्ट्रीट या रस्त्यावरील पदपथाच्या विटा उखडून तेथे काँक्रीट घालण्याचे काम नगर प्रशासनाने इ.स. १९४७ मध्ये हाती घेतले. तेव्हा तेथील स्त्रिया पदपथावर ठाण मांडून बसल्या व त्यांनी काम रोखून धरले. महापौर जेम्स मायकेल कर्ली यांच्या प्रशासनाला माघार घ्यावी लागली आणि विटा कायम राहिल्या.

कायदेशीर संरक्षण

राज्याने इ.स. १९५५ मध्ये कायदा करून बीकन हिलला ऐतिहासिक क्षेत्राचा दर्जा दिला. त्यानुसार नेमलेल्या वास्तुरचना आयोगाच्या संमतीवाचून सार्वजनिक रस्त्यावरून दिसणाऱ्या बाह्य स्वरूपात बदल करता येत नाही. पुढे या क्षेत्राची हद्द वाढविण्यात आली. इ.स. १९६२ मध्ये ही वस्ती राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ म्हणून घोषित झाली.

सुगम्यतेचा कायदा

दिव्यांग व्यक्तींविषयीचा अमेरिकेचा केंद्रीय कायदा इ.स. १९९० मध्ये संमत झाला. रस्त्याचे नूतनीकरण करताना, पदपथावरून रस्त्यावर उतरण्याच्या जागी चाकाच्या खुर्चीसाठी उतार बांधणे त्यामुळे आवश्यक ठरले. रस्त्यावर डांबराचा नवा थर देणे हेदेखील या दृष्टीने नूतनीकरणच होय, असा निर्णय फिलाडेल्फियातील एका खटल्यात संघीय अपील न्यायालयाने इ.स. १९९३ मध्ये दिला. मापांच्या निकषांनुसार अशा उताराचे प्रमाण १२ ला १ याहून अधिक तीव्र असू नये आणि चालण्याच्या मार्गावरील १३ मिलिमीटरपेक्षा मोठा उंचवटा उतार करून सामावून घ्यावा.

अंध व्यक्तींना पदपथ संपल्याचे पायाला वा काठीला कळावे, म्हणून उतारावर उठावदार ठिपक्यांची स्पर्शपट्टी बसवितात. या प्रकारच्या पट्ट्या सेइइची मियाके या जपानी संशोधकाने विकसित केल्या. त्या सर्वप्रथम इ.स. १९६७ मध्ये जपानमधील ओकायामा येथे बसविल्या गेल्या.

इ.स. २०१३-१४ चा वाद

बीकन हिलच्या कोपऱ्यांवर काँक्रीटचे उतार आणि प्लास्टिकच्या स्पर्शपट्ट्या बसविण्याचा नगर प्रशासनाचा प्रस्ताव वास्तुरचना आयोगाने फेटाळला. सार्वजनिक सुरक्षिततेचे कारण देऊन प्रशासनाने काम पुढे नेण्याचे ठरविले. तेव्हा इ.स. १९२२ पासून कार्यरत असलेल्या रहिवाशांच्या नागरी संघटनेने इ.स. २०१४ मध्ये न्यायालयात धाव घेतली.

आपला विरोध उतारांना नसून त्यांच्या साहित्याला आहे, अशी संघटनेची भूमिका होती. वस्तीशी सुसंगत असे साहित्य वापरूनही सोय साधता येईल, असे तिचे म्हणणे होते. उलट काँक्रीटचा पृष्ठभाग सलग राहतो आणि स्पर्शपट्टीचा वेगळा रंग मंददृष्टीच्या व्यक्तींना उपयोगी पडतो, हे मुद्दे दुसऱ्या बाजूने महत्त्वाचे ठरतात.

विटांच्या फरसबंदीचे गुणदोष

वाळूच्या थरावर बसविलेल्या विटा जलवाहिनीच्या दुरुस्तीसाठी काढून पुन्हा बसविता येतात, हा त्यांचा मोठा गुण आहे. मात्र थंडीत जमिनीतील पाणी गोठून फुगते, झाडांची मुळे वर येतात आणि विटा वरखाली होतात. त्यामुळे वृद्धांना ठेच लागते व चाकाच्या खुर्चीला हादरे बसतात. सांधे अरुंद ठेवून, सपाट कडांच्या विटा भक्कम पायावर बसविल्यास हे दोष कमी होतात. तरीही त्यांची देखभाल नियमित करावी लागते.

महत्त्व

केंद्रीय नियमांमध्ये ऐतिहासिक वास्तूंसाठी सवलतीची तरतूद आहे. परंतु वास्तूचे ऐतिहासिक महत्त्वच धोक्यात येत असेल, तरच ती लागू होते. केवळ दिसण्याचा मुद्दा त्यासाठी पुरेसा नसतो. इ.स. १९४७ मध्ये प्रश्न विटा ठेवाव्यात की काढाव्यात, एवढाच होता. इ.स. २०१४ मध्ये मात्र त्याच विटांवरून कोणाला चालता येते आणि कोणाला येत नाही, हा प्रश्न पुढे आला. वारसा जतन करताना तो कोणासाठी जतन करावयाचा, या चर्चेत बीकन हिलचे उदाहरण म्हणूनच उद्बोधक ठरते.