जानकी अम्माळ आणि उसाची गोडी: एक तळटीप

वनस्पतिशास्त्रज्ञ ई. के. जानकी अम्माळ (१८९७–१९८४) यांनी ‘भारतीय ऊस गोड केला’, हे विधान लोकप्रिय असले तरी तारखांच्या कसोटीवर टिकत नाही. त्या कोईमतूरच्या ऊस पैदास केंद्रात आल्या १९३४ साली. जाड गोड ऊस आणि काटक रानऊस यांच्या संकरातून झालेला ‘को २०५’ हा वाण तिथूनच १९१८ मध्ये बाहेर पडला होता. (आपल्याकडच्या ‘को ८६०३२’ मधला ‘को’ म्हणजे हेच कोईमतूर.) शिवाय अशा संकरात रानऊस देतो तो मुख्यतः काटकपणा आणि रोगांशी झुंजण्याची ताकद, गोडी जाड उसाकडून येते. अशा दुरुस्तीमुळे एका स्त्री-शास्त्रज्ञाचे श्रेय हिरावले जाते, असा आक्षेप येईल. पण उसनी कीर्ती खऱ्या कामाला झाकून टाकते. रानऊस आणि त्याचे संकर यांच्या पेशींतली गुणसूत्रे मोजणे, उसाचा थेट मक्याशी संकर घडवून १९३८ मध्ये तो प्रसिद्ध करणे, आणि जनुकशास्त्रज्ञ सी. डी. डार्लिंग्टन यांच्यासह १९४५ मध्ये लागवडीखालील वनस्पतींचा गुणसूत्रकोश सिद्ध करणे, हे निर्विवाद त्यांचे आहे. पद्मश्री मात्र त्यांना १९७७ मध्ये, ऐंशीच्या उंबरठ्यावर मिळाली.